गिझर खरं बोलत होता!

सकाळी साडेसहाला बादली घेऊन लायनीत उभं राहणाऱ्या होस्टेलवासीयालाच गरम पाण्याची खरी किंमत कळते. म्हणून सबमिशन संपवून घरी गेलो की माझा पहिला कार्यक्रम ठरलेला असतो : मनसोक्त आंघोळ. पण मागच्या डिसेंबरात नाशिकला पोचलो, तर आईनं दारातच सांगितलं, "अरे, गिझर बिघडलाय. चांगला चालतो आणि मधेच बंद पडतो. वर ई-वन, ई-वन दाखवतो."

"आता इंजिनिअर आलाय ना घरी!" बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. इतकी अवघड व्हायवा आजवर कुठल्याही एक्स्टर्नलने घेतली नव्हती.

आमचा गिझर म्हणजे सिलिंडरवर चालणारा, मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा, बाथरूमच्या भिंतीवर टांगलेला साधा गॅस गिझर. बहुतेकांच्या घरी असतो तसाच. माहितीपुस्तिका शोधली. त्यात आमच्या मॉडेलच्या ई-वनचा अर्थ दिला होता : 'ज्योत नाही'. (हे कोड कंपनीगणिक बदलतात. तेव्हा शेजाऱ्याच्या गिझरचा अर्थ आपल्या गिझरला लावू नये.)

इथे पहिला धडा मिळाला. कोड आपल्याला फक्त लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. ताप आहे हे थर्मामीटर सांगतो, पण मलेरिया की टायफॉइड ते आपल्यालाच शोधावं लागतं.

आत काय चालतं?

नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो आणि एक छोटा स्विच दाबला जातो. मग दोन सेलवर चालणारं कंट्रोल सर्किट जागं होतं, टिकटिक करत ठिणग्या पाडतं आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतं. बर्नर पेटला की ज्योतीत असलेली एक बारीक दांडी आपलं काम सुरू करते. ज्योतीत आयन असतात, त्यामुळे तिच्यातून अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह जाऊ शकतो. हा प्रवाह मिळतोय तोवर सर्किट गॅस चालू ठेवतं. तो थांबला की गॅस बंद, आणि वर ई-वन.

त्यामुळे खरा प्रश्न असा, की गिझर नेमका *कधी* बंद पडतो?

१) टिकटिकच होत नाही : पाण्याचा दाब कमी किंवा सेल संपलेले.
२) टिकटिक होते पण पेटत नाही : गॅस पोचत नाही. सिलिंडर, रेग्युलेटर आणि नळी पाहा.
३) पेटतो आणि काही सेकंदांत विझतो : सेन्सरच्या दांडीवर काजळी किंवा तिची वायर सैल.
४) काही मिनिटं छान चालतो आणि मग विझतो : इथे मात्र थांबून विचार करायचा.

आमचा प्रकार चौथा. पण आम्ही विचार न करता पहिल्या तिघांवरच पैसे घालवले. सेल नवे घातले, सिलिंडर बदलला. शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्याने झाकण काढून पाहिलं आणि म्हणाला, "काका, सेन्सर फार नाजूक झालाय. दांडी जरा आत वाकवून देतो, मग बंद पडणार नाही." खरं सांगतो, मी 'हो' म्हणणारच होतो. सुदैवाने त्याला दुसरा फोन आला आणि तो "उद्या येतो" म्हणून गेला.

दार आणि घड्याळ

संध्याकाळी सहज एक प्रयोग केला. बाथरूमचं दार उघडं ठेवून गिझर चालू केला आणि मोबाईलवर वेळ लावली. १५ मिनिटं झाली तरी गडी चालूच! मग दार बाहेरून ओढून घेतलं आणि कान देऊन उभा राहिलो. सातव्या मिनिटाला आतली घरघर थांबली आणि पुन्हा टिकटिक ऐकू आली. ई-वन!

सेल तेच, सिलिंडर तोच, सेन्सरही तोच. बदललं ते फक्त दार. वर बघितलं तर व्हेंटिलेटरच्या काचांवर पुठ्ठा आणि चिकटपट्टी. थंडी आत येते म्हणून बाबांनी दिवाळीनंतर लावलेला. आणि गिझर बिघडला तोही दिवाळीनंतरच.

आता थोडं ढोबळ गणित. ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला मिनिटाला सुमारे ६२७ किलोज्यूल, म्हणजे साधारण १०.५ किलोवॅट लागतात. थोडी उष्णता वाया जाते, म्हणून गॅसकडून १२.५ धरू. एलपीजीच्या १ किलोमधून सुमारे ४६ मेगाज्यूल मिळतात, तेव्हा तासाला साधारण १ किलो गॅस जळतो. तो पूर्ण जळायला १५ किलोच्या वर हवा लागते. म्हणजे तासाला १३ घनमीटर, अर्थात मिनिटाला २०० लिटरहून जास्त. आमचं बाथरूम १.५ × १.५ × २.४ मीटर, म्हणजे जेमतेम ५.४ घनमीटर. बाहेरची हवा आलीच नाही, तर पाच मिनिटांत ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १७ च्या आसपास येतो!

ऑक्सिजन कमी झाला की ज्योत लांबट होते, बर्नरपासून उचलली जाते आणि सेन्सरला ती सापडेनाशी होते. म्हणजे सेन्सर बिचारा ठणठणीत होता. दांडी वाकवली असती, तर त्या उचललेल्या ज्योतीतही तो प्रवाह दाखवत राहिला असता आणि गिझर 'दुरुस्त' होऊन चालतच राहिला असता.

जेवताना मी हे सांगत होतो, तेव्हा आई सहज म्हणाली, "हल्ली डोकं धुतलं की डोकं दुखतं आणि गरगरतं. मला वाटलं, ओल्या केसांमुळे असेल." घास तोंडातच राहिला. बाबा काही न बोलता उठले आणि स्टुलावर चढून त्यांनी पुठ्ठा काढून टाकला.

हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. एलपीजीला वास मुद्दाम दिलेला असतो, याला वास नाही आणि रंगही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. मग हातपाय गळतात आणि समोरची कडी काढायचंही त्राण उरत नाही. आणि हे लक्षात ठेवा, की आपला सेन्सर ज्योत बघतो, हा वायू मोजत नाही. ज्योत विझण्याआधीच विष तयार होऊ लागलेलं असू शकतं. तेव्हा 'सेन्सर आहे ना' म्हणून निर्धास्त राहू नये.

आता आमचा गिझर बाहेरच्या उघड्या ड्राय बाल्कनीत आहे आणि भिंतीतून फक्त गरम पाण्याचा पाइप आत येतो. ई-वन परत दिसलेला नाही. आईची डोकेदुखीही थांबली.

फायनल इयरला आपल्यातले बरेच जण होस्टेल सोडून बाहेर फ्लॅट घेतात. भाडं आणि डिपॉझिट विचारताना गिझर कुठे आहे तेही विचारा. बाथरूममध्येच असेल, तर मालकाला तो बाहेर हलवायला सांगा. तोवर दार उघडं ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मगच आत जा. कुणाला आत गरगरलं, तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच दवाखान्यात न्या. कोडचं कारण नंतर शोधता येईल.

आणि यंत्र वारंवार तीच तक्रार करत असेल, तर त्याचं तोंड बंद करण्याआधी एकदा ते काय सांगतंय ते ऐका.

— टी.ई. (मेकॅनिकल)