पंख्याचं विमान, झोताचं विमान

११ ऑक्टोबर २०२४ या दिवशी नवी मुंबईच्या नव्या धावपट्टीवर पहिलं विमान उतरलं. ते हवाई दलाचं सी-२९५ होतं. त्याच दिवशी एक सुखोई-३० धावपट्टीवरून घोंघावत गेलं. पुढे २९ डिसेंबरला इंडिगोचं एअरबस ए-३२० चाचणीसाठी उतरलं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांची ये-जा सुरू झाली. आपण या तिन्हींना 'विमान'च म्हणतो. पण उलवे-पनवेलच्या लोकांनी त्या दिवसांत जी यंत्रं पाहिली, त्यांची इंजिनं तीन वेगवेगळ्या तऱ्हांची होती.

कायद्याला मात्र एक शब्द पुरत नाही. १९३४ च्या विमान कायद्याने हवेच्या आधाराने तरंगू शकणाऱ्या सगळ्याच साधनांना एका व्याख्येत घेतलं होतं. त्यात फुगे होते, हवाई जहाजं होती, ग्लायडर होते आणि चक्क पतंगही होता! त्या कायद्याची जागा आता २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. म्हणजे 'वायुयान' हे सगळं गोत आणि 'विमान' हे त्यातलं पंख स्थिर असलेलं, इंजिनाच्या जोरावर उडणारं घराणं, असं म्हणायला हरकत नाही. पुण्याला हडपसरच्या केंद्रात उडणाऱ्या ग्लायडरला पंख आहेत, पण इंजिन नाही. हेलिकॉप्टरला इंजिन आहे, पण पंख डोक्यावर गरगर फिरतात.

खरी गंमत इंजिनांच्या नावांत आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथ नावाच्या एकपंखी विमानातून. त्याचं एकुलतं इंजिन आपल्या मोटारसायकलीच्या जातीचं होतं. सिलिंडरमध्ये दट्ट्या खालीवर होतो, त्यावर दांडा फिरतो आणि दांड्यावर बसवलेला पंखा हवा मागे लोटतो. या पंख्याला जुन्या तांत्रिक लेखनात 'मळसूत्री पंखा' असा सुरेख शब्द आढळतो. स्क्रू जसा लाकडात शिरतो तसा तो हवेत शिरतो, हे त्या शब्दातच आलं. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं तेही दट्ट्यांवरच. त्या कॉन्स्टेलेशनला चार इंजिनं आणि प्रत्येकात अठरा सिलिंडर होते. बहात्तर सिलिंडर सांभाळायचे म्हणजे तंत्रज्ञांची काय कसरत होत असेल!

मग आलं टर्बाइन. कोयनेला पाण्याच्या जोरावर चक्र फिरतं, इथे तापलेल्या वायूच्या जोरावर. पुढून हवा ओढायची, दाबायची, तिच्यात इंधन पेटवायचं आणि फुगलेला वायू मागे सोडायचा. जाता जाता तो टर्बाइन फिरवतो आणि टर्बाइन पुढचा दाबयंत्राचा भाग फिरवतं. तोंड न बांधता सोडलेला फुगा जसा सुटतो, तसं विमान पुढे जातं. निव्वळ या झोतावर चालणारं इंजिन ते टर्बोजेट. नाशिकजवळ ओझरला बनलेलं मिग-२१ याच जातीचं. २६ सप्टेंबर २०२५ ला ते हवाई दलातून निवृत्त झालं.

त्याच टर्बाइनच्या दांड्यावर दात्यांच्या चाकांमार्फत बाहेरचा पंखा बसवला की ते झालं टर्बोप्रॉप. पंखा दिसला की विमान जुनं, अशी आपली समजूत असते, ती सोडून द्यावी. नवी मुंबईत पहिलं उतरलेलं सी-२९५ टर्बोप्रॉपच आहे, सहा-सहा पात्यांच्या दोन पंख्यांचं. २०२१ मध्ये सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा मुंबईहून गेलेलं एटीआर-७२ देखील त्यातलंच. दोघांची इंजिनं एकाच पीडब्ल्यू-१२७ कुळातली, म्हणजे एक मालवाहू आणि एक प्रवासी, पण सख्खे चुलतभाऊ. वेग जेटपेक्षा कमी, ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास. पण जवळच्या अंतराला ती इंधन कमी पितात आणि आखूड धावपट्टीवर भागवतात. हेलिकॉप्टरमध्ये हाच दांडा डोक्यावरची पाती फिरवतो. त्याला टर्बोशाफ्ट म्हणतात. जुहूहून समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरं याच इंजिनांवर उडतात.

आता ए-३२०. याचं इंजिन टर्बोफॅन. तोंडाशी मोठा पंखा, पण नळकांड्यात बंदिस्त. त्याने ओढलेल्या हवेपैकी थोडी आतल्या गाभ्यात जळायला जाते, उरलेली गाभ्याला वळसा घालून तशीच मागे निघते. किती हवा वळसा घालते, यावर सगळं अवलंबून. १९६० मध्ये एअर इंडियाकडे आलेल्या बोइंग ७०७ ची कॉनवे इंजिनंही टर्बोफॅनच होती, प्रवासी सेवेतली जगातली पहिली. पण गाभ्यातून एक भाग हवा गेली तर वळशाने जेमतेम तीन दशांश. आजच्या ए-३२० निओच्या इंजिनांत हे प्रमाण अकरा-बारा पट आहे. 'निओ' म्हणजे नव्या इंजिनाचा पर्याय, एवढाच अर्थ. निरुंद आणि अतिवेगवान झोत बाहेरच्या शांत हवेवर आदळला की कानठळ्या बसतात. तोच जोर रुंद, सावकाश प्रवाहातून मिळाला तर आवाज बराच उतरतो. सुखोईचं इंजिनही नावाला टर्बोफॅनच, पण वळशाची हवा थोडी, आणि वर शेपटीशी पुन्हा इंधन पेटवून जादा जोर घेण्याची सोय. म्हणून तो गडगडाट. तेव्हा उलवे, कामोठे, खारघरच्या सोसायट्यांनी आवाजाची चर्चा करताना 'किती विमानं' इतकंच 'कोणत्या इंजिनांची' हेही विचारावं.

हे शब्द केवळ कुतूहलापुरते नाहीत. या विमानतळासाठी गावं उठली, शेतं गेली, आणि त्या घरांतली मुलं आज तिथल्या नोकऱ्यांकडे डोळे लावून आहेत. सामान चढवण्या-उतरवण्यापुरतंच त्यांचं काम का असावं? विमान दुरुस्तीचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं, आणि त्याचे यांत्रिक विभागच मुळी या शब्दांवर बेतलेले आहेत. बी-१.१ टर्बाइनच्या विमानांसाठी, बी-१.२ दट्ट्याच्या विमानांसाठी, बी-१.३ आणि बी-१.४ तशाच दोन प्रकारच्या हेलिकॉप्टरांसाठी. विजेची आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं सांभाळणाऱ्यांचा वर्ग वेगळा, बी-२. यातले तांत्रिक शब्द इंग्रजी असतात. पण दट्ट्या, दांडा, दाब, झोत हे आधी आपल्या भाषेत डोळ्यांसमोर उभं राहिलं, तर इंग्रजी नाव त्यावर डकवायला फार दिवस लागत नाहीत. प्रवेश घेताना मात्र ती संस्था कोणत्या विभागाचं शिक्षण देते आणि तिला महासंचालनालयाची मान्यता आहे का, हे फी भरण्याआधी पाहून घ्यावं.