ओसाड घरवस्त्या, धातुशोधक यंत्र आणि इतिहासाचा पुरावा

20 मे 1862 रोजी अब्राहम लिंकन यांनी 'होमस्टेड' कायद्यावर स्वाक्षरी केली आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडील विस्तीर्ण भूभाग वसाहतीसाठी खुला झाला. पाच वर्षे जागेवर वास्तव्य करून, घर बांधून व जमीन कसून दाखविणाऱ्या कुटुंबप्रमुखास 160 एकर जमीन मिळत असे. अविवाहित स्त्रिया आणि गुलामगिरीतून मुक्त झालेले कृष्णवर्णीयही त्यासाठी दावा करू शकत. ज्या भूमीची ही वाटणी झाली तिच्यावर मूलनिवासी जमातींचे शतकानुशतके वास्तव्य होते, हे येथे विसरता येत नाही. सुमारे 40 लाख दाव्यांपैकी 16 लाखांच्या आसपास दावे सिद्धीस गेले. यशस्वी दावेदारांना अखेरीस साक्षीपुराव्यानिशी घराचे स्वरूप, लागवडीखालील क्षेत्र इत्यादी तपशील नोंदवावा लागे. ही कागदपत्रे आज अभ्यासकांना उपलब्ध आहेत. परंतु अवर्षण, कर्ज किंवा आजारपण यांमुळे जे मध्येच निघून गेले, त्यांच्या दाव्यांत ही अंतिम साक्ष नसते. त्यांच्या संसाराची साक्ष असलीच तर ती जमिनीत आहे. म्हणूनच अशा ओसाड घरवस्त्यांवर धातुशोधक यंत्र कसे वापरले जाते, हा प्रश्न इतिहासलेखनाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

या यंत्राचे तत्त्व साधे आहे. वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह सोडला असता भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्यात भोवरी प्रवाह उत्पन्न होतात. त्यांचा परिणाम दुसरे वेटोळे टिपते आणि ध्वनिसंकेत उमटतो. 1881 मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असे उपकरण वापरून पाहिले, पण त्यांना यश आले नाही. दुसऱ्या महायुद्धात भूसुरुंग शोधण्यासाठी या यंत्राचा मोठा वापर झाला आणि युद्धानंतर ते हौशी संशोधकांच्या हाती आले. नाण्याएवढी वस्तू साधारणतः वीतभर खोलीपर्यंत त्यास सापडू शकते.

घरवस्तीच्या जागी नाणी, गुंड्या, नाल, चमचे, डबे, तारांचे तुकडे अशा वस्तू मिळतात. कालनिर्णयासाठी यांतील सर्वांत क्षुद्र वाटणारी वस्तू, म्हणजे खिळा, फार उपयोगी पडते. लोहाराने हाताने घडविलेले खिळे, यंत्राने पत्र्यातून कापलेले चौकोनी खिळे आणि तारेपासून बनविलेले गोल खिळे असा त्यांचा क्रम आहे. एकोणिसाव्या शतकात चौकोनी खिळ्यांचे प्राबल्य होते. 1890 नंतरच्या काळात गोल खिळ्यांनी त्यांची जागा घेतली. काटेरी तारही अशीच बोलकी आहे, कारण जोसेफ ग्लिडन यांना तिचे सुप्रसिद्ध एकस्व 1874 मध्ये मिळाले. अर्थात जुना खिळा नव्या घरातही पुन्हा वापरला जातो. त्यामुळे एकट्या वस्तूवरून काढलेला निष्कर्ष भक्कम नसतो.

नेमकी येथेच हौशी शोधाची मर्यादा स्पष्ट होते. बहुतेक यंत्रांत लोखंडाचा संकेत गाळून टाकण्याची सोय असते आणि नाण्यांच्या शोधात असलेला हौशी ती आवर्जून वापरतो. परंतु घराच्या भिंती कोठे होत्या, गोठा कोणत्या बाजूस होता, हे सांगणारे खिळे लोखंडाचेच असतात. नाणे हाती येते, घर मात्र हरवते. शिवाय वस्तू उपसली की तिची खोली, तिच्या शेजारच्या वस्तू व मातीचा थर यांचा परस्परसंबंध कायमचा तुटतो.

दोष यंत्राचा नसून पद्धतीचा आहे, हे लिटल बिगहॉर्न येथील कार्यावरून दिसते. 1876 मधील या रणभूमीवर 1983 मध्ये वणवा लागून गवत जळाले. त्यानंतर डग्लस स्कॉट, रिचर्ड फॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी धातुशोधकांच्या साहाय्याने पद्धतशीर पाहणी केली. संकेत मिळालेल्या जागांवर निशाणे रोवून, वस्तूंची स्थाने मोजून मगच त्या उचलण्यात आल्या. काडतुसांच्या पुंगळ्यांवरील आघातखुणा जुळवून एकेका बंदुकीचा रणभूमीवरील प्रवासही मांडता आला. हीच शिस्त घरवस्तीलाही लागू पडते. अमेरिकेत 1979 च्या पुरातत्त्वीय संपत्ती संरक्षण कायद्यानुसार संघराज्याच्या मालकीच्या जमिनीवरील शंभर वर्षांहून जुने पुरातत्त्वीय अवशेष विनापरवाना काढणे गुन्हा आहे. खासगी जमिनीवर मालकाची संमती आवश्यक असते.

भारतात 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. तथापि खिळ्याला, फुटक्या डब्याला बाजारात मोल नाही. मराठीत शेताची ती 'काळी' आणि वस्तीची ती 'पांढरी' असा भेद रूढ आहे. माणसांच्या दीर्घ वास्तव्याने मातीचा पोतच बदलतो, ही जाण त्यामागे आहे. ओसाड घरवस्तीच्या मातीतही ते वास्तव्यच साठलेले असते. जे हरले व निघून गेले त्यांच्याविषयी कागद अपुरा पडतो; अशा वेळी वस्तू कोठे सापडली याची नोंद हीच त्यांची उरलेली साक्ष होय.