गुलबक्षीची लागवड व बियांविषयीं सावधगिरी

दिवसभर शेतांत राबणाऱ्यास अंगणांतील सुवास सायंकाळींच लाभावयाचा. म्हणून गुलबक्षी आम्हांस विशेष प्रिय आहे. हिचीं फुलें सुमारें ४ वाजल्यानंतर उमलतात, रात्रभर दरवळतात व सकाळीं मिटतात.

बीं रात्रभर भिजवून मृगाचा पाऊस झाल्यावर अर्धा इंच खोल पेरावें. दोन रोपांत १॥ ते २ फूट अंतर राखावें. पाणी सांचूं देऊं नये. दोन-तीन महिन्यांत फुलें येतात. रंग राखावयाचा असल्यास निरनिराळ्या रंगांचीं झाडें दूर लावावीं. कारण तांबड्या व पांढऱ्या जातींच्या संकरापासून गुलाबी फुलें निपजतात आणि त्या गुलाबीच्या बियांतून पुन्हां तिन्ही रंग निघतात.

एक सूचना मात्र अवश्य. हें बीं काळें, सुरकुतलेलें, हुबेहूब मिऱ्यासारखें दिसतें. तें व मूळ दोन्हीं विषारी असून पोटांत गेल्यास वांत्या व ढाळ होतात. आमच्याच घरीं वाळविलेलें बीं एकदां मिऱ्यांच्या डब्याशेजारीं ठेविलें गेलें. सूनबाईंच्या वेळींच लक्षांत आलें म्हणून निभावलें. तेव्हांपासून आम्ही बियांच्या पुडीवर नांव लिहून ती कुलपांत ठेवितों. वाचकांनीं ही तजवीज आधीं करावी, मगच बीं वेचावें.