लुकलुकता दिवा

पिंपरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांत यंत्रांच्या माथ्यावर तांबडे, पिवळे, हिरवे दिवे असतात. यंत्र चालू आहे की अडले, हे कामगाराला लांबूनच कळते. मग आमच्या घरच्या संगणकानेच काय घोडे मारले होते? त्याच्या पेटीवरचा दिवा कधीच गेलेला. आणि आतल्या तबकडीवर वडिलांच्या आठवणींची दोनशे पाने! १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये त्यांची सारी नोकरी झाली. पडदा गोठला रे गोठला, की चिरंजीवांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे! तबकडीवर लिहिणे चालू असताना वीज तोडली, तर फाईल अर्धवट राहते. कधी उघडतच नाही.

भोसरीत नोकरीला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने तोड काढली. पुण्याच्या तापकीर गल्लीतून तांबडा एलईडी आणला. (निक होलोन्याक यांनी १९६२ साली असा तांबडा दिवा बनवला होता.) संगणकाची वीज पुरती काढून आम्ही पेटी उघडली. मदरबोर्डवर ‘एचडीडी एलईडी’ अशा दोन पिना असतात. दिव्याचा लांब पाय धन पिनेला, आखूड ऋण पिनेला. उलटे झाले तर दिवा पेटत नाही, इतकेच. रोधक बहुधा बोर्डावरच असतो. थेट पाच व्होल्टवर जोडायचा झाल्यास मात्र ३३० ओहमचा रोधक हवाच. नाहीतर दिव्याने राम म्हटलाच समजा! लांब वायरीने तो टेबलावर आणून जुन्या पेनाच्या टोपणात बसवला.

आता पडदा गोठला तरी दिवा लुकलुकतो तोवर बटणाला कोणी शिवत नाही. वडील तेवढ्यात चहा मागवतात.