गुळाचा पिवळेपणा आणि हायड्रॉसची मूठ

पुष्कळ गुऱ्हाळांवर एक गोष्ट बघायला मिळते. काहिलीत रस उकळत असतो आणि गुळव्या डब्यातली पांढरी पावडर मुठीनं टाकतो. काळपट रस बघता बघता पिवळा होतो. विचारलं तर म्हणतो, "साहेब, पिवळा गूळ नसला तर आडतीत भाव पडतो." त्याचं म्हणणं खोटं नाही. पण ही पावडर आहे तरी काय, ते समजून घ्या.

तिला बाजारात हायड्रॉस म्हणतात. खरं नाव सोडियम हायड्रोसल्फाइट. सल्फाइटच्या गोतावळ्यातलाच हा गंधकाचा क्षार. ऑक्सिजन ओढून घेणं हा त्याचा गुण. त्यामुळं रसातला रंग फिका पडतो, पण मळ आहे तिथंच राहतो. साठवणीत हवा लागली की गूळ पुन्हा काळवंडतो.

हे क्षार वाईट नाहीत, त्यांची जागा वेगळी आहे. हायड्रॉस कापड रंगवताना निळीसाठी आणि कागदाचा लगदा उजळायला लागतो. सोडियम सल्फाइट बॉयलरच्या पाण्यातला ऑक्सिजन काढतं, म्हणून नळ्या गंजत नाहीत. लिंबाचा स्क्वॅश टिकवायला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट मोजून घालतात.

आपला ऊस ज्या साखर कारखान्यांना जातो, तिथंही गंधक जाळून त्याचा वायू चुन्याच्या निवळीबरोबर रसात सोडतात. त्यातून तयार होणारं कॅल्शियम सल्फाइट मळ घेऊन तळाशी बसतं आणि वरचा स्वच्छ रस पुढं जातो. तिथं गाळ वेगळा निघतो, प्रयोगशाळा असते. गुऱ्हाळावर माप एकच, मूठ!

गुळात गंधकाचा डायऑक्साइड किलोला ७० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, असा नियम आहे. म्हणजे एका क्विंटल गुळात फार तर ७ ग्रॅम. उकळताना थोडा वायू उडून जातो हे खरं, पण मुठीच्या हिशोबात किती उरला हे कोण सांगणार? दम्याच्या माणसाला सल्फाइटनं धाप लागू शकते. बाळंतिणीच्या लाडवातही हाच गूळ जातो, हे विसरू नका. शिवाय ओल लागली तर हायड्रॉस तापतं, पेटही घेतं. चुलवाणाजवळ डबा ठेवणं धोक्याचं.

मग गूळ उजळ कसा होणार? पक्व ऊसच तोडा. पाचट, मुळ्या, माती काढा. तोडलेला ऊस दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. रस गाळून घ्या, काहील घासून घ्या. रानभेंडीची खोडं ठेचून, भिजवून त्यांचा चीक रसात घाला. मळी वर येते, ती वेळच्या वेळी काढा. चुन्याची निवळी बेतानं घाला, जास्त झाली तर गूळ काळा पडतो.

रंग थोडा तांबूस येईल. येऊ द्या. नमुना तपासून घ्या आणि दाखला गिऱ्हाइकाला दाखवा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावात एकदा भेंडीच्या चिकाचं प्रात्यक्षिक ठेवावं, तालुका कृषी कार्यालयाला कळवावं. डोळ्यासमोर मळी निघताना दिसली, की गुळव्याही डबा बाजूला ठेवील.