हरलेला पक्ष आणि पुन्हां पुन्हां दावे

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें जुनीं माणसें सांगत आलीं आहेत. पण ती चढणें न चढणें नेहमीं आपल्या हातीं नसतें. बांधाच्या तंट्यावरून शेजारी एखाद्या शेतकऱ्यावर दावा लावतो. वर्षानुवर्षें तारखा पडतात, बैल विकून वकिलाची फी भरावी लागते, आणि अखेर निकाल शेतकऱ्याच्या बाजूनें होतो. हुकूमनाम्याची नक्कल घेऊन तो घरीं येतो न येतो, तोंच शेजाऱ्याच्या दुसऱ्या दाव्याचें समन्स दारीं हजर! न्याय मिळाला खरा. पण तो किती दिवस पुरावयाचा?

हा प्रश्न आजचा नाहीं. प्राचीन धर्मशास्त्रांत प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘प्राङ्न्याय’ हा एक आहे. या वादाचा निवाडा पूर्वींच होऊन वादी हरला आहे, असें तें उत्तर. मराठेशाहींत गोतसभेपुढें वाद तुटला म्हणजे हरलेल्या पक्षाकडून ‘येजितखत’ लिहून घेत. आपण खोटे ठरलों, याची ती त्याच्याच हातची कबुली; पुढें त्यानें किंवा त्याच्या वंशजांनीं तोच वाद उकरून काढला, तर जिंकलेल्यानें हा कागद पुढें करावयाचा. पैशाची व्यवस्था मात्र चमत्कारिक होती. हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ आणि जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’, अशी दोन्हीकडून रक्कम सरकारांत जमा होई. जिंकल्याच्या हर्षाचेहि पैसे मोजावयाचे! त्याच्या झालेल्या खर्चाची भरपाई कोणी करावी, हा विचार त्यांत फारसा दिसत नाहीं.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेंत दोन्ही गोष्टींची तरतूद आहे. तिच्या ११ व्या कलमांतील तत्त्वाला कायद्याच्या मराठींत आजहि प्राङ्न्याय असेंच म्हणतात. त्याच पक्षांमध्यें, त्याच मुद्द्यावर, अधिकार असलेल्या न्यायालयानें अखेरचा निर्णय दिला असेल, तर तो मुद्दा पुन्हां चालवितां येत नाहीं. इतकेंच नव्हे, तर पहिल्या दाव्यांत जो मुद्दा मांडतां आला असता व मांडावयास हवा होता, तोहि मांडला गेला असेंच धरलें जातें. एकेक कारण खिशांत राखून ठेवून दर वर्षीं नवा दावा लावण्याची युक्ति यामुळें निष्फळ ठरते.

परंतु दावा निष्फळ ठरतो, तो दाखल झाल्यावर. तोंपर्यंत प्रतिवादीला वकील द्यावा लागतोच. म्हणून ३५ व्या कलमाप्रमाणें खर्चाचा हुकूम होतो. हा अधिकार न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविलेला आहे. मात्र हरणाऱ्यानें जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा हा सामान्य नियम असून, तो मोडावयाचा तर कारणें लिहून ठेवावीं लागतात. खोट्या किंवा निव्वळ त्रासदायक दाव्यासाठीं १९२२ सालीं ३५-अ हें कलम घालून भरपाईचा वेगळा खर्च देण्याची सोय झाली. पण त्याची कमाल मर्यादा एक हजार रुपये होती, ती १९७६ सालीं तीन हजार झाली. तीन हजारांच्या भयानें कोणता दावेखोर घरीं बसणार? २०१५ च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्यानें व्यापारी वादांपुरती ही मर्यादा काढून टाकली. बांधाचा तंटा त्यांत बसत नाहीं.

२००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, खर्च नांवापुरता न देतां वास्तविक व वाजवी असावा. त्यांत जिंकणाऱ्याचा गेलेला वेळ, प्रवास आणि मुक्काम यांचाहि हिशेब व्हावा. तथापि या बाजूलाहि सीमा आहे. एका प्रकरणांत उच्च न्यायालयानें वादीला अट घातली होती कीं, दावा हरल्यास प्रतिवादीला पंचवीस लाख रुपये देण्याची हमी आधीं लिहून द्यावी. सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं ती अट रद्द केली. हें योग्यच झालें. अशी अट रूढ झाली, तर ज्याची जमीन खरोखर बळकावली गेली आहे तो गरीब मनुष्य दारांतूनच परत फिरेल; श्रीमंत दावेखोराला मात्र ती अडविणार नाहीं.

उलट, ज्याच्याजवळ गमावण्यासारखें कांहींच नाहीं, त्याला खर्चाच्या हुकुमाची काय मातबरी? लंडनच्या अलेक्झांडर चॅफर्स नांवाच्या सॉलिसिटरनें हेंच दाखवून दिलें. त्यानें बड्या बड्या लोकांवर अठ्ठेचाळीस दावे लावले. ते जवळजवळ सगळे फसले, आणि अंगावर पडलेला खर्च त्यानें भरला नाहीं. अखेर १८९६ सालीं इंग्लंडमध्यें त्रासदायक दाव्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला, आणि त्याखालीं पहिली बंदी चॅफर्सवरच आली.

त्याच धर्तीवर मद्रासमध्यें १९४९ सालीं आणि महाराष्ट्रांत १९७१ सालीं कायदे झाले. मद्रासचा कायदा घटनेला धरून आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९६५ सालीं दिला. एखादा मनुष्य वाजवी कारणावांचून संवयीनें त्रासदायक दावे किंवा फिर्यादी लावीत असेल, तर महाअधिवक्त्यानें उच्च न्यायालयाकडे अर्ज करावयाचा. गांजलेल्या शेतकऱ्याला तो परस्पर करतां येत नाहीं. त्यानें आपले जुने हुकूमनामे घेऊन महाअधिवक्त्यालाच गांठलें पाहिजे. न्यायालय त्या दावेखोराचें म्हणणें ऐकून घेतें, आणि आरोप पटल्यास पूर्वपरवानगीवांचून पुढें दावा लावूं नये, असा हुकूम करतें. दार कायमचें बंद होत नाहीं. सकृद्दर्शनीं कांहीं आधार आहे असें दिसलें, तर परवानगी मिळते. आणि ती मिळेपर्यंत प्रतिवादीला समन्स निघत नाहीं.