धानाच्या कडपांवर बंगालचा उपसागर

पूर्व विदर्भातल्या गोंदिया तालुक्यातील मुर्रीपासून बंगालच्या उपसागराचा किनारा सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर असला, तरी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तेथे उठणारी चक्रीवादळे येथील धानाचा घास हिरावू शकतात. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा, म्हणजे हरिकेनांचा, हंगाम सप्टेंबरात शिगेला पोचतो. बंगालच्या उपसागरात मात्र मोसमी पावसाआधी आणि नंतर असे दोन हंगाम असतात, कारण ऐन पावसाळ्यात खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांच्या दिशा इतक्या भिन्न असतात की ढगांचा उभा स्तंभ टिकत नाही आणि मोसमी वारे माघारी फिरण्याच्या सुमारास हा अडथळा सैल होतो.

समुद्रपृष्ठाचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असले, की तेथून उठणारी वाफ उंचावर थंड होऊन द्रवरूप होताना तिच्यात साठलेली सुप्त उष्णता मोकळी करते, त्यामुळे केंद्रातील दाब घटतो, भोवतालची हवा आत ओढली जाते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे ती चक्राकार फिरू लागते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला, की हवामान विभाग त्या प्रणालीला चक्रीवादळ म्हणतो व तिला नाव मिळते. जमिनीवर येताच वाफेचा पुरवठा तुटतो, भूपृष्ठाच्या घर्षणाने वारा मंदावतो. परंतु कमी दाबाचे क्षेत्र बाष्पासह पुढे सरकत राहते. २६ सप्टेंबर २०२१ रोजी कलिंगपट्टणमजवळ धडकलेल्या ‘गुलाब’चा अवशेष मराठवाड्यात पूर आणून अरबी समुद्रात उतरला आणि तेथे ‘शाहीन’ होऊन ओमानवर आदळला. म्हणून वादळ क्षीण झाल्याच्या बातमीने पूर्व विदर्भाने निर्धास्त होऊ नये.

२८ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री आंध्र किनाऱ्यावर धडकलेल्या ‘मोंथा’चे अवशेष पूर्व विदर्भाच्याच दिशेने सरकले, तेव्हा हलके धान, म्हणजे लवकर तयार होणारे वाण, कापणीच्या अवस्थेत होते. कापलेल्या धानाच्या कडपा काही दिवस बांधीतच, म्हणजे शेतातच, वाळत पडतात, आणि या मोजक्या दिवसांत धान सर्वांत असुरक्षित असते. उभे पीक आडवे झाले तरी काही अंशी वाचते, पण पाण्यात भिजलेल्या कडपांतील दाण्यांना कोंब फुटतात, दाणा काळवंडतो. आधारभूत खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंतच आर्द्रता चालत असल्याने ओले धान पुन्हा वाळवावे लागते, आणि भिजून वाळलेल्या दाण्याला सूक्ष्म तडे जात असल्यामुळे गिरणीत अखंड तांदूळ कमी व कणी अधिक निघते.